सीडीएल : अमेरिकेतलं ट्रक ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याचं ट्रेनिंग

सीडीएल म्हणजे कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स. अमेरिकेत ट्रॅक्टर-ट्रेलर (शेतातला ट्रॅक्टर नव्हे, पुढे ओढणारा ट्रक आणि मागे सुटं होणारं ट्रेलर), मोठा ट्रक, बस किंवा धोकादायक माल नेणारी गाडी चालवायची तर कारच्या लायसन्सवर भागत नाही, हे वेगळं लायसन्स काढावं लागतं. नियम केंद्र सरकारचे, म्हणजे फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ह्या खात्याचे (सगळे नुसतं एफएमसीएसए म्हणतात), पण लायसन्स हातात देतं ते राज्य, त्यामुळे फी, फॉर्म, टेस्टची तारीख मिळायला लागणारा वेळ हे सगळं राज्याराज्यात वेगळं असतं. केंद्राने ठरवलेली किमान अट मात्र सगळ्यांना सारखी.

हे नेहमी असं नव्हतं. १९८६ च्या आधी बऱ्याच राज्यांत साधं कारचं लायसन्स असलेला माणूस कायद्याने अठरा चाकी ट्रक चालवू शकायचा, आणि काही ड्रायव्हर तर दोन-तीन राज्यांची लायसन्स खिशात ठेवायचे, एकावर गुन्हे साठले की दुसरं पुढे करायचं. १९८६ मध्ये कमर्शियल मोटर व्हेइकल सेफ्टी ॲक्ट आला आणि एका माणसाला एकच लायसन्स हा नियम झाला, सगळ्या राज्यांची माहिती एका सामायिक सिस्टीमला जोडली गेली, आणि १ एप्रिल १९९२ पासून सीडीएलशिवाय मोठी गाडी चालवणं बंद झालं.

लायसन्सचे तीन क्लास आहेत आणि ते वजनावर ठरतात. वजन म्हणजे त्या दिवशी भरलेला माल नव्हे, तर कंपनीने गाडीला ठरवून दिलेली कमाल वजनक्षमता, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. ट्रक आणि मागचं ट्रेलर मिळून २६,००१ पौंड (साधारण ११,८०० किलो) किंवा जास्त आणि त्यातलं ट्रेलर एकटं १०,००० पौंडांच्या वर असेल तर क्लास ए. एकटी गाडीच २६,००१ पौंड किंवा जास्त, जसं डंपर, सिमेंट मिक्सर, मोठी बस, तर क्लास बी. ह्या दोन्हीत न बसणारी पण ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसांसाठी बनवलेली, किंवा धोकादायक मालाची पाटी लावावी लागणारी गाडी असेल तर क्लास सी. ह्याच्यावर परत एंडॉर्समेंट, म्हणजे लायसन्सवरच्या जादा परवानग्या, येतात: टँकरला एन, धोकादायक मालाला एच, दोन्ही एकत्र असेल तर एक्स, दोन-तीन ट्रेलर ओढायला टी, प्रवाशांना पी, स्कूल बसला एस. एच साठी तर बोटांचे ठसे देऊन केंद्राची सुरक्षा तपासणीही पार करावी लागते. शेतकरी, अग्निशमन दल, लष्कर आणि स्वतःच्या फिरण्यासाठी मोठी मोटरहोम चालवणारे ह्यांना वेगवेगळ्या सवलती आहेत, त्यात इथे शिरत नाही.

वय १८ पूर्ण असेल तर राज्याच्या आत चालवता येतं, पण राज्याची हद्द ओलांडून माल न्यायचा तर २१ लागतात.

पहिली पायरी म्हणजे लर्निंग, त्याला सीएलपी (कमर्शियल लर्नर्स परमिट) म्हणतात. त्याच्यासाठी लेखी परीक्षा, ट्रक चालवण्याच्या सर्वसाधारण माहितीचा पेपर (किमान ३० प्रश्न, बऱ्याच ठिकाणी जास्त), एअर ब्रेकचा, आणि क्लास ए असेल तर जोडगाडीचा (ट्रक अधिक ट्रेलर) वेगळा, पास व्हायला ८० टक्के. राज्य एक मॅन्युअल फुकट देतं, आणि मनापासून सांगतो, पैसे देऊन ॲप घेण्याआधी ते मॅन्युअल दोनदा नीट वाचा, प्रश्न त्यातूनच येतात आणि पुढे गाडीखाली वाकून बघायची वेळ येते तेव्हा पण तेच कामाला येतं. सीएलपी मिळाल्यावर शेजारच्या सीटवर सीडीएलवाला बसलेला असल्याशिवाय रस्त्यावर गाडी न्यायची नाही, आणि किमान १४ दिवस झाल्याशिवाय ड्रायव्हिंगची टेस्ट देता येत नाही.

मधल्या काळात येतं ते सक्तीचं ट्रेनिंग, ईएलडीटी, म्हणजे एंट्री लेव्हल ड्रायव्हर ट्रेनिंग. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए किंवा बी काढणाऱ्याला, बी वरून ए वर जाणाऱ्याला, आणि पहिल्यांदा पी, एस किंवा एच घेणाऱ्याला हे करावंच लागतं (एच ला फक्त थिअरी), आणि तेही केंद्राच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नाव असलेल्या संस्थेतूनच. थिअरीत ८० टक्के लागतात, प्रत्यक्ष गाडीचं ट्रेनिंग खऱ्या गाडीवरच, सिम्युलेटरवरचे तास धरत नाहीत, आणि संस्था तुमचं पूर्ण झाल्याचं रजिस्ट्रीत ऑनलाइन टाकते ते राज्याला दिसल्याशिवाय टेस्ट होत नाही.

पण ह्या नियमात एक मोठं भोक आहे, किती तास चालवायला शिकवायचं हेच त्यात नाही. २०१६ च्या मसुद्यात क्लास ए ला किमान ३० तास स्टिअरिंगवर असं होतं, त्याच वर्षीच्या अंतिम नियमात ते काढून टाकलं, आता ट्रेनरने म्हटलं की ह्याला येतंय, की झालं. आणि संस्था रजिस्ट्रीत येते ती स्वतःच 'आम्ही निकष पाळतो' असं लिहून देऊन. मला हे पटत नाही. भरलेली जोडगाडी ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या वर जाते, आणि ती चालवायला शिकायचे तास शाळेच्या मर्जीवर सोडलेत. त्यामुळे शाळा निवडताना फी आणि किती आठवड्यांचा कोर्स हे विचारून थांबू नका, एका ट्रकमागे किती विद्यार्थी असतात आणि माझ्या एकट्याच्या हातात स्टिअरिंग किती तास येणार हे विचारा. चार जण एका ट्रकमध्ये बसवले तर दिवसातला पाऊण वेळ तुम्ही दुसऱ्याचं बघत बसणार. ट्रक कंपन्या स्वतःच्या खर्चाने पण शिकवतात, बदल्यात ठरावीक काळ, बऱ्याचदा वर्षभर, त्यांच्याकडेच काम करायचा करार असतो, मध्येच सोडलं तर फी अंगावर येते, तो कागद सही करण्याआधी पूर्ण वाचायचा.

टेस्टचे तीन भाग: गाडीची पाहणी, मैदानातलं कंट्रोल आणि रस्ता. तिन्ही इंग्रजीतच, दुभाष्या चालत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं रस्त्याचा भाग अवघड असेल, पण शिकणाऱ्यांची झोप उडवते ती पहिली, पाहणी, जिला सगळे प्री-ट्रिप म्हणतात. परीक्षकासमोर गाडीभोवती फिरत एकेक भागाला हात लावून तो काय आहे आणि त्यात काय बघायचं हे तोंडाने बोलायचं. पुढच्या टायरची नक्षी कमीत कमी ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२. ट्रेलर जिथे अडकतं त्या फिफ्थ व्हीलचा जबडा किंगपिनभोवती (ट्रेलरच्या खालचा जाड खिळा) पूर्ण मिटलाय का, ट्रेलरचा पत्रा आणि फिफ्थ व्हील ह्यांच्यात फट तर नाही ना, हवेच्या नळ्या कुठे घासतायत का, स्प्रिंगचं पातं तुटलंय का. काही राज्यांनी आता ही यादी लहान केली आहे, पाठांतर कमी झालं हे चांगलंच. पण रटाळ म्हणून ही पाहणी टाळायची नाही, जबडा अर्धवट मिटलेला असेल तर ट्रेलर रस्त्यात सुटतं.

ह्यातच एअर ब्रेकची चाचणी येते आणि ती चुकली तर बाकी कितीही छान बोललात तरी नापास. इंजिन बंद, किल्ली ऑन, पार्किंग ब्रेक सोडलेला, पायाने ब्रेक दाबून एक मिनिट धरायचा: एकट्या गाडीत हवेचा दाब ३ पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) आणि जोडगाडीत ४ पेक्षा जास्त उतरता कामा नये. मग ब्रेक दाबत-सोडत हवा कमी करत जायचं, दाब ५५ ते ६० च्या खाली जायच्या आत इशारा वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या मध्ये पार्किंग ब्रेकचं बटण आपोआप बाहेर उडालं पाहिजे. हे का होतं ते समजलं की पाठ करावं लागत नाही. ह्या ब्रेकमध्ये दणकट स्प्रिंग असते, ती कायम ब्रेक लावायलाच बघत असते, हवा तिला दाबून मागे धरते, हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक लागतो. तोटा एवढाच की पाय दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो, ताशी ५५ मैलांवर तेवढ्यात गाडी साधारण ३२ फूट पुढे गेलेली असते, आणि पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर पण ४५० फुटांच्या वर लागतात. कारसमोर ट्रक आणि ट्रकसमोर कार ह्यात काय फरक पडतो तो ह्या आकड्यांत आहे.

मैदानात मुख्य काम रिव्हर्सचं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातं, वर्षानुवर्षं कार चालवलेल्या हातांना हे उलटं पचायला वेळ लागतो. सरळ मागे, शेजारच्या लेनमध्ये मागे, गल्लीत काटकोनात मागे घेऊन लावणं. शंका आली की थांबायचं, हँडब्रेक लावायचा, खाली उतरून बघायचं, टेस्टमध्ये ठरावीक वेळा उतरायची परवानगी असते आणि उतरण्यात कमीपणा काही नाही, जुने ड्रायव्हर पण उतरतात.

रस्त्याच्या टेस्टला ऑटोमॅटिक ट्रक नेला तर लायसन्सवर ई हे बंधन येतं, मॅन्युअल चालवता येत नाही. एअर ब्रेक नसलेली गाडी नेली किंवा त्याचा पेपर नापास झालात तर एल. आता नवीन ट्रक बरेचसे ऑटोमॅटिक असतात त्यामुळे ई बंधन लगेच अडत नाही, पण शाळेत मॅन्युअल शिकायची सोय असेल तर शिकून घ्या, नंतर बंधन काढायचं तर परत टेस्ट आली.

मेडिकल वेगळंच. केंद्राच्या यादीतल्या तपासनीसाकडून सर्टिफिकेट घ्यायचं, जास्तीत जास्त २४ महिन्यांचं, बीपी जास्त असेल तर त्याहून कमी. चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांना २०/४० दिसलं पाहिजे (एका डोळ्याने कमी दिसणाऱ्यांसाठी २०२२ पासून वेगळी वाट आहे), लाल-हिरवा-पिवळा ओळखता आला पाहिजे, ५ फुटांवरची कुजबुज ऐकू आली पाहिजे. नोकरीआधी ड्रग टेस्ट होते. ज्या राज्यात गांजा कायदेशीर आहे तिथे पण ड्रायव्हरला तो चालत नाही, कारण नियम केंद्राचा. आणि ६ जानेवारी २०२० पासून टेस्टमध्ये सापडलेल्यांची नावं क्लिअरिंगहाऊस नावाच्या केंद्राच्या ऑनलाइन नोंदवहीत जातात, कंपनीला घेण्याआधी ते बघावंच लागतं.

ट्रक चालवताना दारूची मर्यादा ०.०४, कारसाठी बहुतेक राज्यांत असते त्याच्या निम्मी. दारू पिऊन चालवणं, अपघात करून पळणं असल्या गुन्ह्याला एक वर्ष लायसन्स बंद, धोकादायक माल असेल तर ३ वर्षं, दुसऱ्यांदा केलं तर कायमचं, आणि हे सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कारमध्ये केलं तरी मोजतात. ट्रकमध्ये हातात फोन धरणं किंवा मर्यादेपेक्षा १५ मैल जास्त वेग असे दोन गुन्हे ३ वर्षांत झाले की ६० दिवस, तीन झाले की १२० दिवस घरी. आणि एकही गुन्हा नसताना लायसन्स जातं ते मेडिकलची तारीख उलटल्यामुळे, राज्य सीडीएल काढून त्याचं साधं लायसन्स करून टाकतं, म्हणून नवीन तपासणीची अपॉइंटमेंट जुनं सर्टिफिकेट संपायच्या महिनाभर आधीच घेऊन ठेवायची.