पुस्तके दान करायची आहेत? खोका भरण्याआधी एवढे पाहा

तुम्ही दुकानात आणून दिलेली जुनी पुस्तके आम्ही तपासतो, बाइंडिंग करतो आणि गावच्या शाळांना, वाचनालयांना पाठवतो. तिथे कपाटे दोन-तीनच असतात. कोणी न वाचणारे पुस्तक आले की वाचले जाणारे मागे ढकलले जाते.

सर्वांत जास्त येतात ती पाठ्यपुस्तके, आणि नेमकी तीच लागत नाहीत. सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तके मोफत मिळतात, शिवाय अभ्यासक्रम बदलत असतो. पहिलीचा 2025-26 पासून बदलला. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे वर्ष आधी बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचे कलम 302 चे 103 झाले. जुने गाइड वाचून पोरगा चुकीचे उत्तर पाठ करेल. मागणी असते ती मोठ्या अक्षरांच्या चित्रकथा, गोष्टी, चरित्रे आणि शब्दकोशांना. शब्दकोश जुना असला तरी चालतो.

पुस्तक तपासताना आधी वास घ्या. कुबट वास, काळे-हिरवट ठिपके म्हणजे बुरशी. असे एक पुस्तक असले की बंद खोक्यात ती बाकीच्यांनाही लागते. पुठ्ठ्याच्या सांध्यात चंदेरी कसर दिसली तर ते पुस्तक वेगळ्या पिशवीत आणा. कसर खळीवर जगते, त्यामुळे जुन्या बाइंडिंगमध्ये हमखास सापडते. पाने पिवळी झाली म्हणून पुस्तक टाकू नका. पानाचा कोपरा पुढे-मागे दोन-तीनदा दुमडा. तुकडा हातात आला तर कागद आम्लामुळे ठिसूळ झाला आहे, त्यावर आमच्याकडेही इलाज नाही.

सुटलेली पाने तशीच आणा. सेलोटेप कृपया लावू नका! काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होतो आणि काढताना अक्षरेही निघतात. गंजलेल्या पिना काढून आम्ही दोऱ्याने शिवतो. शेवटचे पान मात्र जागेवर आहे ना, ते बघा. शेवट नसलेली गोष्ट कोणाला द्यायची? आतली पत्रे, पावत्या, फोन नंबरही काढून घ्या.

दोनशे पानी साधे पुस्तक साधारण पाव किलोचे, म्हणजे चाळीस पुस्तकांचे दहा किलो. एका खोक्यात याहून जास्त नको, तळ सुटतो. खोका फाइव्ह प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा घ्या, पुस्तके आडवी रचा, फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. उभे पुस्तक पानांच्या कडेवर टेकले की स्वतःच्याच वजनाने पुठ्ठ्यातून सुटते.

थोडीच पुस्तके स्वतः पाठवायची असतील तर टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सोयीची आहे. 1 मे 2025 ला ती सुरू झाली तेव्हा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि कमाल 5 किलोला 100 रुपये असा दर होता, कर वेगळा. पाकीट रस्त्याने किंवा रेल्वेने जाते, वेळ लागतो. पण ते कुठवर पोचले हे कळते.

पुस्तकांच्या दानावर देणगीची आयकर सवलत, जिला लोक 80जी म्हणतात, मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच आहे. त्यामुळे आमच्याकडे तशी पावती मागू नका.

एखाद्या गावाला नवीच पुस्तके द्यायची असतील तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम पाहा. 2009 पासून त्यात शंभर पुस्तकांची पेटी एका वाचक गटाकडून दुसऱ्याकडे फिरते. एकाच कपाटात साठवण्यापेक्षा ही पद्धत आम्हाला जास्त पटते.

जून ते सप्टेंबर पुस्तके आणून देऊ शकता, पण आम्ही ती पावसाळा संपल्यावरच रवाना करतो.