टॅब्लेटच्या स्क्रीनवरील अक्षरांची सुस्पष्टता

टॅब्लेटवर मजकूर किती रेखीव दिसेल, हे बरेचसे स्क्रीनच्या पिक्सेल घनतेवर ठरते. पण केवळ तिच्यावर नाही. एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे सूक्ष्म ठिपके, बसतात, ती ही घनता. ती पीपीआयमध्ये मोजतात. जाहिरातीत मात्र ठळकपणे रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची आडवी-उभी संख्या दिलेली असते. स्क्रीनचा आकार माहीत नसेल, तर नुसत्या त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. २०४८ × १५३६ पिक्सेलच्या स्क्रीनचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धांतानुसार २५६० पिक्सेल येतो. स्क्रीनचा कर्ण ९.७ इंचांचा असेल, तर २५६० ला ९.७ ने भागले की २६४ पीपीआय मिळतात. तेवढेच पिक्सेल ७.९ इंचांत बसवले, तर घनता सुमारे ३२५ वर जाते.

२०१० सालचा पहिला आयपॅड १३२ पीपीआयचा होता. मार्च २०१२ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या पिढीत ॲपलने आकार तोच ठेवून घनता दुप्पट केली. त्याच वर्षी नेक्सस १० हा टॅब्लेट २५६० × १६०० पिक्सेल घेऊन आला. त्याची घनता सुमारे ३०० होती. १३२ आणि २६४ यांतला फरक कोणालाही पाहताक्षणी जाणवतो. २६४ आणि ३०० यांत तसे होत नाही, आणि तुलना अवघड होते ती इथेच.

सामान्य निकोप दृष्टीला साधारण एक कोनीय मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. स्क्रीन ४० सेंटिमीटरवर धरली तर हे अंतर ०.१२ मिलिमीटर भरते, म्हणजे सुमारे २२० पीपीआय. ३० सेंटिमीटरवर तोच हिशेब २९० च्या आसपास जातो. टॅब्लेट फोनपेक्षा जरा लांब धरला जात असल्यामुळे २६४ पीपीआय वाचनाला पुरेसे ठरतात. तरीही हा आकडा अंतिम मर्यादा मानू नये. रेघेतली बारीकशी पायरी किंवा तुटकपणा डोळा एका कोनीय मिनिटाहून कितीतरी सूक्ष्म असला तरी टिपतो. त्यामुळे तिरक्या आणि वळणदार रेषांना जास्त घनतेचा फायदा पुढेही मिळत राहतो.

देवनागरीत हे विशेष जाणवते. समजा, शिरोरेखा पाव मिलिमीटर जाडीची आहे. १३२ पीपीआयवर तिच्या वाट्याला जेमतेम सव्वा पिक्सेल येतो, २६४ वर अडीचहून थोडे जास्त. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक, रफार आणि शेजारचा अनुस्वार, ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’ यांसारखी जोडाक्षरे ही सगळी कमी घनतेवर एकमेकांत मिसळतात. म्हणून मराठी वाचणाऱ्याने स्क्रीन पारखताना रोमन मजकुरावर समाधान मानू नये. बारीक अक्षरातली जोडाक्षरे उघडून पाहावीत.

अक्षर स्क्रीनवर कसे रंगवले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. पिक्सेल चौकोनी असल्याने वळणांच्या कडांना मधल्या छटा देऊन त्या गुळगुळीत केल्या जातात. याला अँटी-अलायझिंग म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप तंत्र याच्याही पुढे जाऊन पिक्सेलमधले लाल, हिरवे व निळे उपपिक्सेल वेगवेगळे वापरते. टॅब्लेट उभा-आडवा फिरवला की उपपिक्सेलची दिशाच बदलते, त्यामुळे तिथे साधारणपणे राखाडी छटांवरच भागवले जाते. पेनटाइल रचनेच्या ओएलईडी स्क्रीनमध्ये एका पिक्सेलला तीनऐवजी दोनच उपपिक्सेल असतात. लाल आणि निळ्यांची संख्या निम्मी राहते, म्हणून पीपीआय सारखा असूनही अक्षरांच्या कडा किंचित रंगीत किंवा खरखरीत दिसू शकतात. घनता वाढली की हा दोष झाकला जातो.

मूळ मजकूरच कमी प्रतीचा असेल, तर स्क्रीन काही करू शकत नाही. तिसऱ्या पिढीच्या आयपॅडवर जुन्या ॲपमधली चित्रे दुपटीने ताणली जात. चित्रातल्या एका पिक्सेलला स्क्रीनचे चार पिक्सेल लागत, आणि चित्रातच कोरलेली अक्षरे धूसर दिसत. फॉन्टमधून काढलेली त्याच पानावरची अक्षरे मात्र लख्ख दिसत. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचे तेच होते. किंबहुना चांगल्या स्क्रीनवर वाईट स्कॅन अधिकच उघडे पडते.

वरची काच आणि तिच्याखालचे चित्र दाखवणारे पॅनेल यांच्यात हवेची फट असेल, तर आत परावर्तन होऊन काळ्या-पांढऱ्यातला भेद कमी होतो. दोन्ही एकत्र चिकटवलेल्या स्क्रीनवर अक्षरे वरच उमटल्यासारखी वाटतात. मॅट आवरणाने चकाकी कमी होते, पण पांढऱ्या पानावर बारीक चमचम येऊन अक्षरांची धार बोथट होऊ शकते. बारा तास वाचणाऱ्याला हे आकड्यातल्या २०-३० पीपीआयच्या फरकापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटेल, आणि ते रास्तच आहे.

दोन टॅब्लेटची तुलना करताना तीच पीडीएफ उघडावी, दोन्हींची प्रखरता सारखी ठेवावी आणि पट्टीने मोजून अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये जुळवावी. टक्क्यांतले झूम सारखे ठेवून भागत नाही, कारण शंभर टक्के म्हणजे नेमके किती, हे प्रत्येक ॲप आपापल्या परीने ठरवते. स्क्रीनचे फोटो शेजारी ठेवून निर्णय करू नये. कॅमेऱ्याचे आणि स्क्रीनचे पिक्सेल एकमेकांवर येऊन लाटांसारख्या पट्ट्यांची ‘मुआरे’ नक्षी उमटते, आणि जो धूसरपणा स्क्रीनवर नसतोच तो फोटोत दिसू लागतो.