नीला, रोहिणी आणि एक सामाईक म्यान

"हृदयातलं ब्लॉकेज काढतात, मग डोळ्यातलं का नाही काढत?" दृष्टिपटलातली नीला बंद पडल्याचं कळलं की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. तो शल्यविशारदांनाही पडला होता.

हृदयात बंद पडते ती रक्त आणणारी रोहिणी. इथे तुंबते ती रक्त परत नेणारी नीला. मोरी तुंबली की पाणी उलटं वर येतं, तसं मागे साचलेलं रक्त केशवाहिन्यांतून झिरपतं. पटलावर ज्वाळांसारखे लाल फराटे उमटतात, पीतबिंदू, म्हणजे बारीक पाहणारा पटलाचा मधला भाग, सुजतो आणि नजर धूसर होते. दुखत मात्र काहीच नाही.

नीलेची फांदी तुंबते ती बहुतेक वेळा रोहिणी तिला ओलांडते त्याच जागी. गंमत अशी, की या चौकात दोघींना वेगवेगळी आवरणं नसतात. बाहेरचं म्यान एकच. रोहिणी सहसा वर, नीला खाली. वय आणि रक्तदाब वाढत गेला की रोहिणीची भिंत जाड, ताठ होते. म्यान तर ताणत नाही. मग मऊ भिंतीची नीला चेपली जाते, त्या अरुंद जागी प्रवाह भोवरे घेऊ लागतो, आतलं अस्तर दुखावतं आणि गुठळी धरते. म्हणजे दोष शेजारणीचा, शिक्षा नीलेला!

मग ते म्यानच कापलं तर? 1988 मध्ये हे करून पाहिलं गेलं. डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचाभ काढायचा, सूक्ष्म पात्याने म्यान चिरायचं आणि रोहिणी अलगद उचलून नीलेपासून सोडवायची. काहींची नजर सुधारली. पण नुसता काचाभ काढल्यानेही सूज उतरते, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं? मुख्य नीला तुंबलेल्यांसाठी 2001 मध्ये दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या, कडेला छेद देण्याची कल्पना आली. तीही मागे पडली, कारण त्या छेदाने काहींच्या दृष्टिक्षेत्राचा एक भागच जायचा.

2017 मध्ये बेल्जियममधल्या लूवेनला यंत्रमानवाच्या मदतीने साधारण 0.1 मिलिमीटर रुंदीच्या नीलेत 0.03 मिलिमीटरची सुई घालून दहा मिनिटं गुठळी विरघळवणारं औषध सोडलं. कसब थक्क करणारं, पण "रोबोटने दृष्टी परत आणली" असे मथळे वाचताना सावध राहा. ज्या पेशी प्राणवायूवाचून मेल्या, त्या वाट मोकळी झाली तरी उठत नाहीत. आणि डोळ्यात मध घालून "नस उघडणाऱ्यांना" ही नस नेमकी कुठे असते ते आधी विचारा.

अखेर बाजी मारली इंजेक्शनने. रक्त न मिळालेलं पटल व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतं; त्याने वाहिन्या गळतात आणि नको तिथे नव्या फुटतात. ते प्रथिन अडवणारं औषध थेट डोळ्यात देतात. गुठळी जागेवरच राहते, सूज उतरते. मात्र एका इंजेक्शनवर क्वचितच भागतं. आता शस्त्रक्रियेची वेळ येते ती बहुधा नंतरच्या गुंतागुंतीत: काचाभात रक्त साचून निवळत नाही तेव्हा, किंवा नव्या वाहिन्यांच्या ओढीने पटल सुटतं तेव्हा.