पडद्याचा रॉड, लिंटल आणि बॅटरीवरचं ड्रिल

भिंतीला भोक पाडताना खाली काय पडतं, ते बघावं. लाल भुकटी आली तर मातीची वीट. राखाडी, पिठासारखी मऊ आली तर राखेची वीट; कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख नागपूरच्या नव्या घरांच्या भिंतींत भरपूर गेली आहे. आणि भुकटी येणंच थांबलं, बिट, म्हणजे ड्रिलमध्ये बसवलेली भोक पाडणारी सळी, किंचाळू लागली, की समजायचं, समोर काँक्रीट आहे.

पडद्याचा रॉड नेमका खिडकीच्या वर लागतो, आणि खिडकीच्या वर असतो लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई. मानेवाड्याच्या आमच्या घरात मी बारा व्होल्टचं नवंकोरं कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरचं, बॅटरीवरचं ड्रिल घेऊन स्टुलावर चढलो. प्लास्टर संपेपर्यंत भोक सरसर गेलं, मग बिट जागच्या जागी फिरत राहिली. बाहेर काढली तर टोक निळं पडलेलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स लावणारे मिस्त्री आवाज ऐकून आले. बिट बघितली, लिंटलवर बोटाची पेरं वाजवली आणि म्हणाले, "भाऊ, हा लिंटल आहे. इथं हे नाही चालत. हॅमर लागतो."

ड्रिलमध्ये दोष नव्हता. मी चुकीच्या घराण्याचं हत्यार चुकीच्या जागी लावलं होतं. भोक पाडणाऱ्या हत्यारांची घराणी मुळात दोन आहेत आणि त्यांचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं घराणं फिरवून कापणारं. आपल्या सुतारांचा सामता यातलाच: कमाण्याच्या दोरीचा एक वेढा दांड्याला द्यायचा, वरून दाब ठेवायचा आणि कमाणा पुढं-मागं ओढायचा. ही युक्ती किती जुनी आहे याचा पुरावा बलुचिस्तानातल्या मेहरगढला सापडला. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या माणसांच्या दाढांमध्ये गारगोटीच्या टोकानं कोरलेली भोकं आहेत. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी याच पद्धतीनं कार्नेलियनचे लांब मणी आरपार भोकले. सुताराकडचं गिरमिटही याच घराण्यातलं.

दुसरं घराणं घाव घालणारं. सुरुंगाचं भोक करताना पहारीवर घण बसायचा आणि प्रत्येक घावानंतर पहार हातानं थोडी फिरवली जायची. दगड कापला जात नाही, तो फुटतो. फिरवणं फक्त पुढचा घाव नव्या जागी पडावा म्हणून. दख्खनचा काळा दगड पूर्वेकडे येत येत नागपुरापाशी संपतो, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. आपल्या लिंटलमधली गिट्टीही बहुतेक हाच दगड. त्यावर लाकडाचं घराणं चालवून उपयोग नाही.

वीज आली तेव्हा आधी पहिलं घराणं तिच्यावर चढलं. मेलबर्नच्या आर्थर जेम्स आर्नट आणि विल्यम ब्लांच ब्रेन यांनी १८८९ मध्ये विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, पण ते यंत्र एका जागी बसवायचं होतं. हातात धरता येणारं ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं केलं. आजचा आकार अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा: डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर यांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा खटका बसवला, त्याचं पेटंट १९१७ चं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी मूठ तीच आहे. भारतात नंतर मुलुंडचं राली वुल्फ आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळचं केपीटी ही नावं वायरवाल्या ड्रिलमध्ये वर्कशॉपवाल्यांच्या तोंडी बसली.

घाव घालणाऱ्या घराण्यात बॉशनं १९३२ मध्ये विजेचा हॅमर बाजारात आणला. आजच्या रोटरी हॅमरच्या आत दट्ट्या असतो; तो पुढं-मागं होऊन मधली हवा दाबतो आणि ती हवा बिटच्या मागं ठोसा देते. ठोसे हॅमर देतो, माणसानं फक्त धरायचं. १९७५ मध्ये बॉशनं एसडीएस हा खाच असलेला बिटचा दांडा आणला. गोल दांडा चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या तोंडाच्या पकडीत, आवळून धरण्याऐवजी बिट आतल्या आत पुढं-मागं सरकू लागली.

या दोघांच्या मधोमध 'हॅमर ड्रिल' किंवा 'इम्पॅक्ट ड्रिल' नावाचा प्रकार आहे, आणि बहुतेकांची फसगत इथंच होते. त्यात दट्ट्या नसतो. दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिट थरथरते. मिनिटाला हजारो ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका चिमुकला, आणि माणूस जितका रेटेल तितकाच. विटेत ते सुरेख चालतं. लिंटलमध्ये एखाददुसरं भोक घाम गाळून निघतं.

आता वायर कशी गेली ते. ब्लॅक अँड डेकरनं १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचं पहिलं ड्रिल आणलं. एक सेल १.२ व्होल्टचा, असे चार; म्हणजे जेमतेम ४.८ व्होल्ट. मऊ लाकूड आणि स्क्रू, एवढंच त्याचं बळ. म्हणजे कॉर्डलेस जन्मलं तेच स्क्रूच्या आणि लाकडाच्या कामासाठी. आजही त्याचा मूळ स्वभाव तोच आहे, आणि घरासाठी ड्रिल निवडणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच ध्यानात घ्यावं.

कॉर्डलेस ड्रिल नासानं शोधलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. क्रम उलटा आहे: ड्रिल आधीच बाजारात होतं, म्हणून नासाच्या चांद्रमोहिमेसाठी त्याच कंपनीची मदत घेतली गेली. पण चंद्रावरची गोष्ट प्रत्येक भोक पाडणाऱ्यानं ऐकावी अशी आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं बॅटरीच्या ड्रिलनं भोकं पाडायला घेतली आणि ती ठरलेल्या खोलीपर्यंत गेलीच नाहीत. कापलेली माती दांड्याच्या सांध्यांपाशी अडकून बसली, वर यायला वाट नव्हती. पुढच्या मोहिमेसाठी दांडा बदलावा लागला. आपल्या भिंतीतही हेच होतं. सेंटिमीटरभर गेलं की फिरती बिट मागं ओढून भुकटी बाहेर येऊ द्यायची. नुसतं रेटत राहिलं की भुकटीच बिटला आवळते आणि टोक तापतं.

बॅटरीची पुढची उडी लिथियम-आयनची. सोनीनं १९९१ मध्ये ती बाजारात आणली, २००३ मध्ये बॉशच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरमध्ये ती आली, आणि २००५ च्या सुमाराला मोठ्या हत्यारांत. कॅडमियम विषारी; युरोपनं २०१६ च्या अखेरीपासून अशा हत्यारांत त्याला बंदी केली.

या बदलाची खूण पेटीवरच्या आकड्यांत राहिली आहे. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा. तीन सेल म्हणजे १०.८, पाच म्हणजे १८. पूर्ण चार्ज झालेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर असतो, म्हणून तेच तीन सेल '१२ मॅक्स' होतात आणि तेच पाच सेल '२०' किंवा '२१'. १८ आणि २० यांत ताकदीचा फरक काहीच नाही. पेटीवर ४८ छापलेलं असलं आणि आत सेल पाचच असले, तर ते १८ व्होल्टचंच ड्रिल. बॅटरी किती काम देईल हे व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणून कळतं: १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास, म्हणजे ३६ वॉट-तास. दुकानदाराला एवढं विचारलं की बोलणं रुळावर येतं.

न्यूटन-मीटरचा आकडा स्क्रू पिळण्याच्या जोराचा. बारा व्होल्टवाल्यात तो साधारण तीसच्या आसपास, अठरावाल्यात पन्नास-साठ. प्लायला तीस पुष्कळ होतात. जुन्या सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या) सागवानाच्या चौकटीत लांब स्क्रू घालायचा तर आधी बारीक भोक करून घ्यावं. मग तिथंही तीसमध्ये भागतं. ब्रशलेस मोटर मिळाली तर घ्यावी: तिच्यात घासणारे कार्बनचे तुकडे नसतात, तापते कमी, त्याच बॅटरीत काम जास्त होतं.

माझं मत स्पष्ट आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ड्रिल हातात घेणाऱ्या घराला बारा व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल पुरतं. भिंती विटेच्या आणि काम वाढतं असेल तर अठराचं, हॅमर ड्रिलची सोय असलेलं घ्यावं. लिंटल, कॉलम आणि स्लॅबसाठी कॉर्डलेसवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा वायरवाला एसडीएस हॅमर एक दिवस भाड्यानं आणावा. आमचा रॉड तसाच लागला: मिस्त्रींनी त्यांच्या हॅमरनं सहा मिलिमीटरची चार भोकं मिनिटांत पाडली, मी प्लग ठोकले आणि स्क्रू त्याच बारा व्होल्टच्या ड्रिलनं आवळले. क्लचची रिंग मधल्या आकड्यावर ठेवली होती. स्क्रू बसला की कट-कट करून ते आपोआप थांबलं, प्लग फिरला नाही.

नागपूरकरांनी एक गोष्ट मात्र पेटीवरच्या बारीक अक्षरांत शोधून वाचावी: चार्जिंगचं तापमान. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात इथं सावलीतलाच पारा तिथं पोचतो. गाडीच्या डिक्कीत किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत राहिलेली बॅटरी चार्जरला लावली की लाल दिवा लुकलुकतो; ती बिघडलेली नसते, तापलेली असते. उन्हाळ्यात आमचं ड्रिल बैठकीतल्या कपाटात खालच्या खणात असतं, बॅटरी अर्धी भरलेली आणि ड्रिलपासून काढून ठेवलेली. चार्जिंग रात्री दहानंतर, पंख्याखाली.