बॅरलमध्ये तरंगला, शेततळ्यात बुडाला

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेच्या नववीच्या वर्गाने यंदा प्रकल्प म्हणून पाण्याखाली चालणारा रोबोट बनवला. बघायला आलेले पालक फिरून फिरून एकच विचारत होते, "एवढं जड यंत्र, बुडणार नाही का?" प्रश्न साहजिक आहे. पण बुडणं सोपं असतं आणि तरंगणंही सोपं असतं. खरी कसोटी आहे ती मधल्या पाण्यात अधांतरी थांबण्याची, आणि या मुलांनी ती ज्या वाटेने सोडवली ती सांगण्यासाठीच हा लेख.

सांगाडा अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा. एल्बो आणि टी लावून जोडलेला, द्राक्षबागेच्या कुठल्याही शेडमध्ये सापडेल अशा तुकड्यांचा. पाइपांना जागोजागी भोकं पाडली आहेत. ती नसती तर आत हवा अडकली असती आणि ती दर वेळी कमीजास्त राहिली असती. बारा व्होल्टच्या तीन मोटारी आहेत : दोन पुढे-मागे नेण्यासाठी, एक वर-खाली करण्यासाठी. प्रत्येक मोटार औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवून वर वितळलेलं मेण ओतलं आहे, आणि दांडा बाहेर येतो तिथे ग्रीस. वीज मिळते ती पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बॅटरीतून, पण बॅटरी काठावरच राहते.

आता वजनाचा हिशोब. पाण्यात बुडलेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकतो. मुलांनी रोबोट ताणकाट्याला टांगला. हवेत वजन भरलं 2 किलो 100 ग्रॅम, पाण्यात बुडवल्यावर 480 ग्रॅम. म्हणजे 480 ग्रॅमची उचल देणारा तरंगा वर बांधला की काम झालं. अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली, झाकण घट्ट लावून, साधारण तेवढीच उचल देते. ती बांधली आणि दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये रोबोट झकास थांबला. बोटाने खाली ढकलला तर हळूच खाली, सोडला की तिथेच.

मग तोच रोबोट शेततळ्यात सोडला. (कुंपणाबाहेर उभं राहून आणि दोरी बांधून. अस्तराच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर चांगला पोहणाराही सहज बाहेर येत नाही, हे शिक्षकांनी पक्कं बजावलं होतं.) रोबोट खाली गेला, आणि जातच राहिला. वर आणायची मोटार पूर्ण जोरात चालवली तरी तो जेमतेम जागेवर राहिला. पाणी तेच, वजन तेच, बाटली तीच. मग बदललं काय?

बदलला बाटलीचा आकार. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. अडीच मीटरवर तो पृष्ठभागाच्या सव्वापट होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब सव्वापट झाला की हवेचं आकारमान चार पंचमांश उरतं, म्हणजे 500 मिलिलिटरचं 400. बाटली जितकी आवळली जाईल तितकं कमी पाणी ती बाजूला सारते. वरचा रेटा घटतो तो थेट 100 ग्रॅमने. बाटलीची भिंत थोडा प्रतिकार करते, म्हणून प्रत्यक्षातली घट जरा कमी, पण एवढ्याशा मोटारीला दमवायला ती पुरते. बॅरलमध्ये बाटली जेमतेम हातभर पाण्याखाली होती, त्यामुळे फरक जाणवलाच नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. रोबोट जरा खाली गेला की बाटली आवळते, रेटा कमी होतो, म्हणून तो आणखी खाली जातो, म्हणून बाटली आणखी आवळते. जरा वर गेला तर उलट, बाटली फुगते आणि तो वरच सुटतो. पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखा हा समतोल. तो असतो, पण टिकत नाही. रोहू, कटला या माशांच्या पोटातल्या वाताशयाचाही (हवेच्या पिशवीचाही) हाच त्रास असतो, म्हणून त्यांना आतली हवा सतत कमीजास्त करावी लागते.

तोडगा सोपा निघाला : न आवळणारा तरंगा. मुलांनी दोन इंची पाइपचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना एंड कॅप सोल्युशनने चिकटवल्या आणि उरलेला फरक लोखंडी नटांनी भरून काढला. अडीच मीटरवर हा पाइप नावापुरताही दबत नाही. खोल समुद्रातही न आवळणारा तरंगाच लागतो. 1960 साली 'त्रिएस्त' ही पाणबुडी प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत सुमारे 10,900 मीटर खोल उतरली, तेव्हा तिच्या तरंग्यात सुमारे 85,000 लिटर पेट्रोल भरलेलं होतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, आणि द्रव असल्यामुळे हवेच्या मानाने फारच कमी दबणारं. आजच्या खोल समुद्रातल्या यानांत काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे राळेत मिसळून केलेला कडक फेस वापरतात.

तरंग्याचा विषय निघालाच आहे तर यात्रेजत्रेत टाकीत ठेवलेल्या 'चमत्कारी तरंगत्या दगडा'बद्दलही बोललं पाहिजे. तो प्यूमिस असतो, ज्वालामुखीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून थिजलेला. पाण्याहून त्याची घनता कमी, म्हणून तो तरंगतो. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून तो बुडतो. तो तरंगता दगड महिनोन् महिने पाण्यात ठेवला तर पोकळ्यांत पाणी शिरून तोही बुडू शकतो. तिथे पैसे ठेवण्याआधी मुलांना ताणकाटा घेऊन जाऊ द्या.

तरंगा कुठे बांधायचा हेही महत्त्वाचं. रेट्याचा मध्यबिंदू वर आणि वजनाचा मध्यबिंदू खाली असला, की रोबोट कलंडल्यावर दोन्ही बलं मिळून त्याला पुन्हा सरळ करतात. दोन्ही बिंदू एकाच जागी आले तर तो कसाही लोळतो आणि कॅमेऱ्यात कधी तळ दिसतो, कधी आभाळ. म्हणून तरंगा सांगाड्याच्या माथ्यावर आणि नट तळाच्या पाइपांना.

शेवटची अडचण वायरची. मोबाइल आणि वाय-फायच्या लहरी पाणी थोड्याच अंतरात शोषून घेतं, त्यामुळे रिमोट चालत नाही, केबल लागतेच. तांब्याची केबल पाण्यात जड. रोबोट जितका खोल, तितकी जास्त केबल त्याच्या अंगावर, म्हणजे पुन्हा खोलीप्रमाणे बदलणारं वजन! मुलांनी केबलला दर हातभर अंतरावर थर्माकोलचा तुकडा बांधला आणि मीटरभर केबल बादलीत सोडून पाहिली. तुकडे कापत कापत ती ना वर येईल ना तळाला टेकेल असं माप काढलं, आणि मग बाकीच्या सगळ्या केबलला त्याच मापाचे तुकडे बांधले.