समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि हृदय

समुद्री शेवाळ म्हणजेच सीवीड, ते वाळवून केलेली पावडर किंवा त्याचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकतात. यातल्या बऱ्याचशा केल्पच्या असतात, केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारं मोठं तपकिरी शेवाळ, जपानी कोम्बू त्यातलंच. (आपल्याकडचं चायना ग्रासपण शेवाळापासूनच काढतात, पण ते लाल शेवाळ आणि त्यातला फक्त जेली धरणारा भाग.)

हृदयाला चांगलं हे नाव पडलं ते जपानमुळे. तिथे नोरी, वाकामे, कोम्बू रोजच्या जेवणात असतं आणि जे जास्त खातात त्यांच्यात हृदयविकार कमी दिसला, पण ती माणसं मासे, सोयाबीन, भाज्यापण खातात, त्यामुळे सगळं श्रेय शेवाळाला देता येत नाही आणि कॅप्सूलला तर नाहीच. तपकिरी शेवाळातला अल्जिनेट हा फायबर पित्ताम्ल (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ते पित्तातलं आम्ल) धरून ठेवतो, त्यातून कोलेस्टेरॉल थोडं उतरू शकतं, पण गोळीमुळे हार्ट अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही.

खरी काळजी आयोडीनची आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं आणि वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्येच 2000 च्या वर असू शकतं, त्यात आपलं मीठ आधीच आयोडीनवालं. जास्तीच्या आयोडीनने थायरॉइड बिघडू शकतं, ते जोरात चाललं तर धडधड होते, एट्रियल फिब्रिलेशनपर्यंत (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) जाऊ शकतं, मंदावलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं, म्हणजे दोन्हीकडून त्रास हृदयालाच, ज्याच्यासाठी गोळी सुरू केली त्यालाच! अमिओडॅरोन (हृदयाचे ठोके नियमित ठेवायचं औषध) घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, त्या औषधातच भरपूर आयोडीन असतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) चालू असेल तर शेवाळातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) हलू शकतो. घरातल्या वयस्कर माणसांना कोणी कौतुकाने असा डबा आणून दिला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, प्लीज.

अल्गल ऑइल मात्र वेगळी गोष्ट. ते सूक्ष्म शैवालापासून काढलेलं तेल, त्यात ओमेगा-3 असतं (माशांनाही ते मुळात तिथूनच मिळतं), म्हणून शाकाहारी लोक फिश ऑइलऐवजी हे घेतात, आणि केल्पसारखा आयोडीनचा प्रश्न यात येत नाही. पण अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत 25,871 लोकांवर रोज 1 ग्रॅम फिश ऑइल तपासलं, 2018 मध्ये निकाल आला, तर हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून धरलं तर ठळक फरक पडला नव्हता.