शिष्यवृत्ती-देणगीवरील करसवलत (गोवा)

शालेय शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या देणगीवर आयकरात मिळणारी सूट. अमेरिकेतील ‘टॅक्स क्रेडिट’मध्ये देणगीची रक्कम भरायच्या करातूनच वळती होते, भारतात, म्हणजे गोव्यातही, तिचा ठरावीक भाग करपात्र उत्पन्नातून वजा होतो. दोन्हींना सरसकट ‘करमाफी’ म्हटले जाते, ते चूक आहे.

क्रेडिटची वाट 1997 मध्ये ॲरिझोना राज्याने पाडली. 2025 च्या संघीय कायद्यानुसार 2027 पासून, सहभागी राज्यांतील शिष्यवृत्ती संस्थांना दिलेल्या देणगीवर माणशी 1,700 डॉलरपर्यंत क्रेडिट मिळेल. तेवढ्या रकमेपर्यंत दात्याला पदरमोड नाही. भार सरकारी तिजोरीवर, आणि टीकेचा रोखही तिथेच.

भारतात 1961 च्या आयकर अधिनियमातील (1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा 2025 च्या अधिनियमाने घेतली; तरतुदी बहुतांशी त्याच, कलमांचे क्रमांक बदलले) कलम 80जी नुसार मान्यताप्राप्त धर्मादाय न्यासाला दिलेल्या देणगीच्या साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, आणि हिशेबात धरायची देणगीही समायोजित (इतर वजावटी वगैरे काढून उरलेल्या) उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. फोंड्याच्या एखाद्या नोकरदाराने 10,000 रुपये दिले, तर 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 1,040 रुपये वाचतात; उरलेले 8,960 त्याच्याच खिशातले. रोखीने 2,000 पेक्षा जास्त दिले, वह्या-गणवेश दिले किंवा शेजारच्या मुलीची फी परस्पर शाळेत भरली, तर काहीच वजा होत नाही. 2023-24 पासून, वेगळा पर्याय न निवडल्यास आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. तेव्हा सवलतीपायी लोक देणगी देतात, हा समज फार ताणू नये. पणजीची मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था घरोघरच्या मूठभर धान्यावर उभी राहिली, तेव्हा गोव्यात भारतीय आयकर लागूही नव्हता.

गोव्याचे खास वेगळेपण 1961 च्या त्याच अधिनियमातील कलम 5अ मध्ये होते, नव्या अधिनियमातही ते कायम आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखालील जोडप्याचे पगार सोडून इतर उत्पन्न, उदाहरणार्थ म्हापशातील गाळ्याचे भाडे, पती-पत्नींत समसमान विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवले जाते. साहजिकच 10 टक्क्यांची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी.

दहावीच्या निकालानंतर गुणगौरव करून धनादेश देणाऱ्या ज्ञातिसंस्थांची अडचण निराळी. विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्याच लाभासाठी स्थापलेल्या संस्थेला 80जी ची मान्यता मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काढलेल्या संस्थांना मात्र ही आडकाठी नाही.